चौथा नग

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी हॉटेलच्या दारात सामानाची गाडी थांबली आणि तिच्यातून तीनऐवजी चार बॅगा उतरल्या. माणसं तीन होती: तो, त्याची बायको आणि बायकोचा भाऊ. तिघं विमानतळावरून पुढच्या गाडीने येऊन लॉबीत बसले होते आणि सामान मागून येणार होतं, कारण बायकोच्या भावाच्या मते चांगली माणसं सामानाबरोबर फरफटत नाहीत, सामान त्यांच्या मागून येतं. जहाज संध्याकाळी सुटणार होतं. तोवर अंघोळ करून पाठ टेकायला हे हॉटेल. चौथी बॅग मरून रंगाची होती. एक चाक झिजून तिरकं झालेलं, मूठ चांभाराने जाड दोऱ्याने शिवलेली, आणि मुठीला हिरव्या कापडाची चिंधी, तिच्यावर पांढरे ठिपके. तीच चिंधी बाकीच्या तिन्ही बॅगांना होती. “ही आमची नाही,” तो म्हणाला. सामानवाल्याने कपाळावरचा घाम पुसला. “हिरवं फडकं आहे की साहेब. तुम्हीच म्हणालात, हिरवं फडकं बांधलेल्या सगळ्या आमच्या.” वाक्य त्याचंच होतं. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांना नेमकं बोलायला लावलं होतं, आणि आज स्वतः ‘तीन’ म्हणायच्या जागी ‘सगळ्या’ म्हणून मोकळा झाला होता. बॅगेवरचं नाव वाचायला तो वाकला नाही. त्याला गरज नव्हती. बॅग आईची होती, आणि आईला जाऊन सहा वर्षं झाली होती.

चिंधीची पद्धतही आईचीच. वडिलांची नोकरी बदलीची. घर सोडताना आई सगळ्यात शेवटी स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा काढायची, दाताने त्याची कड तोडायची आणि पट्ट्या फाडायची. तो फाडण्याचा आवाज त्याला अजून नको वाटे. ट्रंका, वळकट्या, भांड्यांचं पोतं, प्रत्येकाला एक पट्टी. स्टेशनावर उतरलं की आई विचारायची, “नग किती?” मोजायचं काम थोरला म्हणून त्याचं. तो बोट लावून मोजायचा आणि सांगायचा, बारा. मागून धाकटा ओरडायचा, “बारा आणि मी!” धाकटा गर्दीत हरवायचा म्हणून आई त्याच्याही मनगटाला पट्टी बांधायची. वडील हसत, आई हसे, हमालसुद्धा डोक्यावरचं ओझं सांभाळत हसत. तो तेवढा हसत नसे. मोजणी त्याची होती आणि उत्तर चुकीचं होतं. माणूस नग नसतो. पण चुकीचं उत्तर देणाऱ्याला कडेवर घ्यायचं आणि बरोबर उत्तर देणाऱ्याच्या हातात पाण्याचा थर्मास द्यायचा, हा घरचा न्याय त्याला तेव्हाच कळून चुकला. हिरवा ठिपक्यांचा पडदा शेवटचा. त्यानंतर वडील निवृत्त झाले आणि बदल्या थांबल्या. पट्ट्या उरल्या, त्यातल्या काही त्याने नेल्या, काही धाकट्याने. तो अजून त्या बांधतो, कारण सगळ्यांच्या बॅगा एकसारख्या काळ्या असतात आणि ओळखायला बरं पडतं. भावनेचा त्यात काही संबंध नाही, असं तो बायकोला सांगत असे, आणि बायको ऐकून घेत असे.

“दाजी, कशाला टेन्शन घेता?” बायकोचा भाऊ म्हणाला. हा याआधी दोनदा अशा जहाजावर जाऊन आला होता आणि या वेळी पांढरी टोपी घालून आला होता, म्हणून त्याने मनातल्या मनात मेव्हण्याचं नाव कॅप्टन ठेवलं होतं. दोन बाळंतपणं दाराबाहेरून ऐकून कुणी सुईण व्हावं, तसा हा कॅप्टन. जहाज शब्द त्याच्या तोंडी नव्हता. तो ‘आपली शिप’ म्हणे. “बंदरावर द्या सोडून. ते बघतात.” “ते म्हणजे कोण?” “ते हो. त्यांची सिस्टिम असते.” “आणि ज्याची आहे तो?” “तो करेल कंप्लेंट. उघडून बघायची का? आत पत्ता असेल.” कॅप्टनचा हात चेनकडे गेलासुद्धा. “हात लावू नका,” तो म्हणाला. आवाज हवा त्यापेक्षा मोठा निघाला आणि लॉबीतले दोन-तीन लोक वळून बघायला लागले. गुडघ्यापर्यंतच्या चड्ड्या घातलेली, गळ्यात प्लॅस्टिकची पाकिटं अडकवलेली माणसं. तीही त्याच जहाजावर जाणार होती, हे त्यांच्या चेहऱ्यावरच्या आगाऊ समाधानावरून कळत होतं. आठवडाभर तरंगत्या बिल्डिंगमध्ये बसून खायचं आणि परत येऊन समुद्र पाहिला म्हणून सांगायचं. एका प्रचंड डबक्यातली बदकं, त्याला वाटलं. आपणही त्याच पाकिटात नाव घालून बसलो आहोत हे त्याच्या लक्षात होतं, पण त्याच्या मते आपण कुठे बसलोय हे कळणं आणि नुसतं बसणं, यात फरक होता.

तो औषधांच्या कारखान्यात तपासनीस होता. इंजेक्शनच्या काचेच्या कुप्या एकेक करून दिव्यासमोर धरायच्या, आधी काळ्या पाटीपुढे, मग पांढऱ्या. काळ्यापुढे पांढरा कण दिसतो, पांढऱ्यापुढे काळा. कण दिसला की कुपी बाद. त्यावर चर्चा नसते. कण कुठून आला, कसा आला, बिचाऱ्याची काय अडचण होती, असले प्रश्न नसतात. निवृत्त झाल्यावर दिवा आणि पाटी कारखान्यात राहिली, नजर घरी आली. कॅप्टन बाद. शेजारी बाद. मुलीच्या लग्नात भाषण करणारे व्याही बाद. धाकटा तर फार आधीच बाद. दुकानांच्या पाट्या रंगवायचा, तेही मनात आलं तर. अर्धी अक्षरं लिहून चहाला जायचा आणि दुकानदार दोन दिवस ‘किराणा’मधल्या ‘कि’खाली धंदा करायचा. सहा वर्षांपूर्वी आईचं हृदय जेमतेम चालत होतं, डॉक्टरांनी जिना चढायला मनाई केली होती, तेव्हा या दिवट्याने तिला जहाजं दाखवायला म्हणून याच शहरात आणलं. कुणाला विचारलं नाही. मरून बॅग भरली, चिंधी बांधली आणि आणलं. दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या खोलीतच आई वारली. तो विमानाने आला तेव्हा त्याने आधी आईकडे पाहिलं आणि मग खिडकीबाहेर. बाहेर समोरच्या इमारतीची भिंत होती आणि भिंतीवर एसीची खोकी. समुद्र दाखवायला आणलंस आणि भिंत दाखवून मारलंस, असं तो म्हणाला. धाकट्याशी बोललेलं ते शेवटचं. धाकटा पलंगाच्या कडेला बसून आईच्या चपला पुसत होता. त्याला कधी वेळेवर बोलता आलंच नाही.

खोलीत गेल्यावर बायको अंघोळ करून आली तरी तो बूटसुद्धा न काढता खुर्चीत बसून होता. मरून बॅग दाराशी. “त्याच विमानात होता म्हणायचा,” तो म्हणाला. बायको केस पुसत राहिली. “आणि बॅग विमानतळाच्या पट्ट्यावर सोडून गेला असेल कुठेतरी चहा प्यायला. तो पाट्या रंगवताना करायचा तेच.” बायकोने टॉवेल खाली ठेवला. “गेले नव्हते. तिथेच होते.” “कुठे?” “खांबापाशी. करड्या टोपीत.” त्याला खांब आठवला, मग टोपी, आणि मग ती पाठ. विमानतळावर सामानाचा पट्टा सुरू झाला तेव्हा खांबाला टेकून एक जण उभा होता. भार एका पायावर, दुसरा पाय सैल, मानेवर टोपीखालून निघालेले थोडेसे पांढरे केस. सगळे पुढे सरकत होते, ढकलत होते आणि हा नाटक बघायला आल्यासारखा उभा. त्या पाठीचा त्याला राग आला होता, वरकरणी काही कारण नसताना. आणि तो बायकोला म्हणाला होता, पट्ट्याची खडखड होती म्हणून चांगल्या मोठ्या आवाजात: “हा नमुना बघ. पन्नाशी उलटली तरी आईने कडेवरून खाली ठेवलेलं दिसत नाही. बॅगसुद्धा कुणीतरी आणून हातात द्यायला हवी.” मग सामानवाल्याला ते ‘सगळ्या’ सांगून तो बाहेर निघाला होता.

“मला वाटलं, ओळखूनच बोललात,” बायको म्हणाली. “त्यांना ऐकू जावं म्हणून.” “मी? मी असलं बोलेन? आईवरून?” बायको टॉवेलची घडी घालायला लागली. म्हणजे बोलेन, असं तिला वाटत होतं. चौतीस वर्षं संसार करून तिने काढलेला निष्कर्ष हा. “तू ओळखलंस तर हाक का नाही मारलीस?” “काय तोंडाने मारू? तुमचं ते बोलणं झाल्यावर?” ती आरशाकडे वळली. “ते इथेच राहतात. सासूबाई गेल्यापासून. नंबर आहे माझ्याकडे.” “सहा वर्षं?” “दिवाळीला म्हणा, पाडव्याला म्हणा, वर्षातून एकदा फोन करतात. तुमची तब्येत विचारतात. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही नंबर पुसायला लावला असता.” ते खरं होतं म्हणून तो चिडला. या घरात आपल्याशी सगळे बरोबर वागत होते आणि कुणीच काही सांगत नव्हतं. “त्याने तरी हाक मारायची,” तो म्हणाला. “एवढा अपमान झाला तर भांडायचं. डोळ्यांदेखत आपली बॅग कुणी उचलून नेली तर माणूस ओरडतो. हा गप्प उभा राहिला. हे काय उत्तर झालं?” “मला काय विचारता? त्यांनाच विचारा.” “मी? मी का म्हणून? तो धाकटा आहे.” “हो ना,” बायको म्हणाली. “साठी झाली तरी तुमचं ते थोरलं-धाकटं. नग मोजत बसा.” ती फोन घेऊन बाथरूममध्ये गेली आणि नळ सोडून बोलत राहिली.

तो बूट काढायला पलंगावर बसला. ही खोली तीच नव्हती, हॉटेलही ते नव्हतं, पण या शहरातली हॉटेलं कुणीतरी एकाच साच्यातून काढल्यासारखी होती. तोच गुळगुळीत गालिचा, तीच फुलं नसलेली फुलदाणी, खिडकीबाहेर तसाच छज्जा आणि पलीकडे तशीच भिंत. नाडी सोडायला तो खाली वाकला, मान वर केली, आणि छज्ज्याच्या खालून, दोन इमारतींच्या फटीतून, त्याला जहाजाचं धुराडं दिसलं. पांढरं, त्यावर निळा पट्टा, आणि खाली बोटभर पाणी. तो उभा राहिला. भिंत. बसला. धुराडं. त्या दिवशी तो त्या खोलीत एकदाही बसला नव्हता. पोलिसांशी बोलताना, डॉक्टरांच्या सहीसाठी, धाकट्याला ते वाक्य बोलताना, सगळा वेळ तो उभाच होता. आणि आई त्या पलंगावर बसत असणार, तिला दुसरं काही करताच येत नव्हतं. मूर्खपणा आहे हा, त्याने स्वतःला बजावलं. दोन वेगळ्या इमारती. एका कुपीवरून दुसऱ्या कुपीचा निकाल देत नसतात. कारखान्यात नवीन पोरांना त्याने हे ओरडून सांगितलं होतं. तरी तो बसून राहिला आणि ते धुराडं बघत राहिला, आणि जिभेवर एक चव आली, स्टेशनवरच्या थर्मासमधल्या कोमट पाण्याची.

“येतायत,” बायको बाहेर येऊन म्हणाली. “आत्ता पोलीस चौकीवर आहेत, कसलंतरी काम आहे. तिकडून थेट बंदरावर येतो म्हणाले. मोठ्या दाराबाहेर, टॅक्सी थांबतात तिथे.” “चौकीवर कशाला? तक्रार करायला?” “पाट्या रंगवायला. चौकीच्या.” त्याला हसू यायला हवं होतं. “बॅगेबद्दल काय म्हणाला?” “म्हणाले, दादाकडे आहे ना, मग हरवायची नाही.” “टोमणा मारला.” “अहो, प्रत्येक गोष्ट टोमणा नसते,” बायको म्हणाली. “आणि मी बोलावलेलं नाही. बॅग न्यायला येतायत, एवढंच. भेटायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा. पण दार साडेतीनला बंद होतं आणि माझ्या जन्मात मी जहाजात पाऊल टाकलेलं नाही. मी आत जाणार.”

बंदराकडे जाताना त्याने मरून बॅग सामानाच्या गाडीत जाऊ दिली नाही. ती गुडघ्यांच्या मध्ये धरून बसला. हलकी होती, वळणावर आत काहीतरी लाकडी एका बाजूने दुसऱ्या बाजूला घरंगळायचं, ब्रश असावेत. कॅप्टन पुढच्या सीटवरून माहिती पुरवत होता: कुठल्या मजल्यावर नाश्ता, कुठल्या मजल्यावर पोहण्याचा तलाव, कपडे कुठे वाळत घालायचे नसतात. ड्रायव्हर मधूनच “अच्छा?” म्हणत होता, म्हणजे त्याने हे रोज ऐकलं होतं. तो खिडकीबाहेर बघत मनात वाक्यं तयार करत होता. ‘तू होतास हे मला माहीत नव्हतं.’ हे खरं होतं, पण माफीसारखं ऐकू येत होतं. ‘बोलायला तोंड नव्हतं का तुला?’ हे त्याला साजेसं होतं, पण ते बोलला की पुढची सहा वर्षंही ठरलेली. ‘ही घे बॅग.’ एवढंच बरं. किंवा तेही नको. बॅग दारावरच्या गार्डकडे ठेवावी, चिठ्ठी नाही, निरोप नाही. तो येईल आणि घेऊन जाईल. हे सगळ्यात स्वच्छ. त्यात कण दिसत नव्हता.

बंदराची इमारत एखाद्या मोठ्या कोठारासारखी होती आणि तिच्यामागे जहाज इतकं अंगावर आलेलं की ते जहाज वाटतच नव्हतं, शहराची आणखी एक बाजू वाटत होती. दारात रांग. प्रत्येकाला सगळ्यांच्या पुढे जायचं होतं आणि प्रत्येक जण दुसऱ्याला रांगेत उभं राहायला सांगत होता. मोठ्या बॅगा बाहेरच घेत होते. प्रत्येकीला खोलीचा नंबर छापलेली कागदी पट्टी अडकवायची, मग ती पडद्याआड जाते आणि संध्याकाळी खोलीच्या दाराशी येते. तो गार्डकडे गेला. “एक बॅग ठेवायची आहे. माणूस येईल न्यायला.” “ठेवून जाता येणार नाही. माणूस येईपर्यंत तुम्ही थांबा.” “मला जहाज गाठायचंय.” “मग घेऊन जा.” “अहो, माझी नाहीये ती.” गार्डने मरून बॅगेच्या चिंधीकडे पाहिलं, मग त्याच्या खांद्यावरच्या पिशवीला बांधलेल्या चिंधीकडे पाहिलं. “बघा बुवा,” तो म्हणाला आणि दुसऱ्या माणसाकडे वळला. आतल्या खिडकीवर हरवलेलं सामान घेतात असं कुणीतरी सांगितलं. “दोन मिनिटं उभे राहा हिच्यापाशी,” तो कॅप्टनला म्हणाला, “हात लावू नका, नुसते उभे राहा,” आणि खिडकी शोधायला गेला. खिडकी होती, बंद होती. काचेवर ‘लवकरच येत आहोत’ अशी पाटी होती आणि पाटीची अक्षरं सुरेख होती, वेलांट्या सैल हाताने सोडलेल्या. ती कुणी रंगवली असेल हे त्याला ठरवायचं नव्हतं. तरी तो गरजेपेक्षा जास्त वेळ तिच्यापुढे उभा राहिला.

परत आला तेव्हा कॅप्टन हात झाडत होता. “झालं काम, दाजी. सगळं सामान गेलं आत.” “सगळं?” “चारही. माझ्याकडे एक पट्टी जास्त होती, तुमच्या खोलीच्या नंबरची. म्हटलं रांग वाढतेय, कशाला लोंबकळत ठेवायचं. तो पोऱ्या विचारत होता कुठल्या कुठल्या, मी सांगितलं, हिरवं फडकं असलेल्या सगळ्या.” कॅप्टनचा चेहरा केलेल्या उपकाराने उजळलेला होता. त्याला वाटलं, या माणसाला आता उचलून समुद्रात टाकावं आणि वर टोपी टाकावी. पण वाक्य पुन्हा त्याचंच होतं. सकाळपासून ते फिरत होतं आणि हातातून हातात जाऊन आता तेवढंच खरं राहिलं होतं. पडदा अजून हलत होता. तो पडद्याकडे गेला. आतल्या माणसाने सांगितलं की एकदा तपासणीच्या यंत्रातून गेलेली बॅग बाहेर येत नाही, खोलीच्या दाराशी मिळेल. आईची बॅग जहाजावर गेली होती. आईला जहाजं नुसती लांबून बघायची होती.

“चला चला,” कॅप्टन म्हणाला, “दार बंद करतील,” आणि पास उंच धरून आत गेला. बायको काचेच्या पलीकडे पोचली होती. तिने हाताने बाहेर दाखवलं. टॅक्सी थांबतात तिथे करडी टोपी उतरली होती. मोकळे हात, शर्टाच्या बाहीवर निळा रंग, आणि मान अपेक्षेपेक्षा बारीक. धाकटा दाराकडे आला नाही. टॅक्सी गेल्यावर तो बाहेरच्या खांबाला टेकला, भार एका पायावर टाकला आणि वर जहाजाकडे बघायला लागला. लोक त्याला वळसा घालून जात होते. एक बाई त्याच्याकडे बघून नवऱ्याला काहीतरी बोलली आणि नवरा हसला. थोरल्याला त्या बाईचा राग आला, आणि मग आपल्याला राग आला याचं आश्चर्य वाटलं.

हाक मारायची तर काय मारायची हाही प्रश्न होता. नाव त्याने सहा वर्षांत उच्चारलं नव्हतं आणि त्याआधीही नावाने कधी हाक मारली नव्हती. घरात सगळे त्याला बबड्या म्हणत. एवढ्या गर्दीत, पाकिटं अडकवलेल्या या लोकांसमोर, पांढऱ्या केसांच्या माणसाला बबड्या म्हणून ओरडायचं. आणि जवळ आला की सांगायचं काय? बॅग नाही. द्यायला हातात काहीच नव्हतं. खांबापर्यंत चालत गेलं तर परत रांगेत लागायला लागणार होतं आणि रांग दाराच्या बाहेर गेली होती. गार्डने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. “आत की बाहेर?” तो म्हणाला. “मधे उभं राहू नका.”

तीन वाजून एकवीस मिनिटांनी आईची बॅग जहाजात होती, कॅप्टन जहाजात होता, बायको काचेच्या आत हात वर करून उभी होती. धाकटा खांबापाशी होता आणि त्याने अजून इकडे पाहिलं नव्हतं. गार्ड दाराच्या साखळीचं टोक हातात घेऊन थांबला होता. थोरल्याने खांबाकडे तोंड केलं आणि घसा साफ केला.